आधी कोण म्हणणार

लहदो आणि गवरिये ही दोन नावं घेतली की अजूनही माझं तोंड कडू होतं. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांचेही गळे देवाने सढळ हाताने दिलेले. रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा विंचरून दोघंही सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. आणि याच दोघांनी मिळून आमच्या गावची प्रार्थना बंद पाडली. परक्यांनी कधी पाडली नव्हती, ती यांनी पाडली.

आमच्या गावात आता तीनच घरं नांदती आहेत. बाकीच्यांना कुलपं, आणि मालक कुणी जर्मनीत तर कुणी स्वीडनमध्ये. तीनपैकी एक घर लहदोचं, एक गवरियेचं, आणि तिसरं आमचं, म्हणजे मी आणि माझी आई हब्सूनो. मीही जर्मनीतच होते. नवरा गेला आणि आईचे पाय गेले, तेव्हा परत आले. लहदो आणि गवरिये दोघंही माझ्याबरोबर लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे त्यांना अहो-जाहो करायचा प्रश्नच नाही. शिवाय लहदोची बायको बहिये ही गवरियेची सख्खी बहीण. म्हणजे भांडण कुणाचं, तर मेहुण्या-मेहुण्याचं.

आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे पोथी ठेवायची दोन उंच लाकडी मेजं आहेत. उजव्या मेजाभोवती लहदो आणि त्याचे तीन मुलगे उभे राहतात. डाव्याभोवती गवरिये, त्याचा भाऊ आणि पुतणे. एक कडवं उजवीकडून, त्याचं उत्तर डावीकडून, पुन्हा उजवीकडून, अशी आमची प्रार्थना चालते. एका आठवड्यात सुरुवात उजवी बाजू करते, पुढच्या आठवड्यात डावी. एकट्या बाजूने म्हटलेली प्रार्थना आम्ही प्रार्थना मानतच नाही.

म्हातारे पाद्री कश्शो इसा होते तोवर कुणाचा आठवडा हे ते हनुवटीने दाखवायचे. हनुवटी उजवीकडे वळली की लहदो सुरू, डावीकडे वळली की गवरिये. ऐन बर्फात कश्शो वारले. रस्ता बंद, चर्च बंद, किती दिवस कुणी घराबाहेर पडलं नाही. बर्फ वितळल्यावर पहिल्या संध्याकाळी चर्च उघडलं, मंडळी जमली, आणि दोघांनी एकदमच सुरुवात केली. थांबले. एकमेकांकडे बघितलं. पुन्हा एकदमच सुरुवात केली.

"आठवडा आमचा आहे," लहदो म्हणाला.

"आमचा आहे. कश्शो गेले तेव्हा तुमचा संपला," गवरिये म्हणाला.

झालं. त्या संध्याकाळी दोन्ही पोथ्या धाडकन मिटल्या, त्या मिटल्याच. मला आधी हसू आलं होतं. दोन दिवसांत शहाणे होतील असं वाटलं होतं. मी माणसांना नेहमीच आहेत त्यापेक्षा शहाणं समजते.

आमच्या घराची भिंत चर्चच्या अंगणाला लागून आहे. आई नव्वदीला टेकलेली, पाय गेलेले, पण संध्याकाळची प्रार्थना तिने खिडकीतून कधी चुकवली नव्हती. आता घंटाच वाजेना. तरी उन्हं कलली की ती ओढणी सारखी करायची, हात मांडीवर ठेवायची आणि पहिलं कडवं म्हणायची. मग थांबायची. पलीकडून उत्तर यायचं असतं तेवढा वेळ थांबायची.

एकदा मला ते बघवेना. उत्तराचं कडवं मला तोंडपाठ होतं, ते मी म्हटलं.

आई माझ्यावर वैतागली. "तू नको म्हणूस."

"का? चुकलं का माझं?"

"नाही चुकलं. पण तू माझ्याच खाटेवर बसली आहेस. उत्तर पलीकडून यायला हवं. आपणच म्हणायचं आणि आपणच उत्तर द्यायचं, ती काय देवाची स्तुती झाली? ती म्हातारीची बडबड झाली." थोड्या वेळाने म्हणाली, "शमूनी, मला एकदा दोन्ही बाजू ऐकव. मग मी जायला मोकळी."

आईने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. हे मागितलं, आणि ते त्या दोन बैलांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मी लहदोच्या मळ्यात गेले. तो द्राक्षांच्या वेलींखाली माती भुसभुशीत करत होता. मला बघून हसला, टोपी मागे सारली.

"ये शमूनी. आईचं कसं आहे?"

"वाट बघतेय तुमची. लहदो, संध्याकाळी या रे दोघं. दोन कडवी म्हणा. म्हातारीचं किती राहिलंय आता?"

"मी कुठे नाही म्हणतोय? मी आज येतो. मी सुरू करतो, त्याने उत्तर द्यावं."

"आणि त्याने सुरू केलं तर?"

"आठवडा आमचा आहे."

"वसंतातला तुमचा आठवडा अजून चाललाय होय रे? द्राक्षं भरायला आली!"

"चालणारच. तो म्हटला कुठे गेलाय? न म्हणता संपेल कसा?" हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याच्या हातातली कुदळ घेऊन त्याच्याच पायावर मारावंसं वाटलं.

तिथून मी तशीच गवरियेकडे गेले. तो गच्चीवर बदाम फोडत बसला होता. त्याने मूठभर माझ्यापुढे ठेवले. मी हात लावला नाही.

"तुझा मेहुणा म्हणतो तो यायला तयार आहे."

"येईल ना! सुरुवात करायला येईल. वेडा थोडाच आहे तो."

"मग दे की उत्तर. काय झिजणार आहे तुझं?"

"शमूनी, तू इतकी वर्षं बाहेर राहिलीस, तुला यातलं कळायचं नाही. उत्तर दिलं की आपण दुसरे ठरलो. आज मी दुसरा ठरलो की उद्या माझे पुतणे दुसरे, मग त्यांची पोरं दुसरी."

"अरे, बाजू आहेतच दोन! आणि पुतण्यांची पोरं स्वीडनमध्ये जन्मणार आहेत, त्यांना पोथीतलं अक्षर ओळखू येणार नाही. कुणाच्या मागे उभी राहणार आहेत ती?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," गवरिये म्हणाला आणि एक बदाम तोंडात टाकला. त्याचं ते चावणं मला बघवेना. दाढीत टरफलांचे कण अडकलेले, ओठ ओले, आणि तोंडात तत्त्व.

जिन्यात बहिये भेटली. ती भावाला मुरवलेल्या मिरच्या द्यायला आली होती, नवऱ्याला चोरून.

"तू तरी काहीतरी बोल की गं त्यांना," मी म्हटलं.

"मी काय बोलू? तिकडे बोलले तर भावाची बाजू घेते म्हणतात, इकडे बोलले तर नवऱ्याची. माझी बाजू कुठली हे मला कुणी विचारलंय का?" एवढं बोलून ती मिरच्यांची बरणी ओढणीखाली लपवत वर गेली.

ऑगस्टच्या मध्यावर येशूच्या आईचा, मरियमेचा सण येतो. त्या दिवशी नवी द्राक्षं चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतात, मग ती सगळ्यांत वाटतात. त्या सुमाराला बाहेरदेशी गेलेली मंडळी गाड्या घेऊन गावी येतात, कुलपं उघडतात, आणि दोन आठवडे गाव भरल्यासारखं वाटतं. मठातून रब्बान देन्हो नावाचे तरुण संन्यासी उपासना चालवायला आले. मी दोन धट्टीकट्टी माणसं गाठली आणि आईला खुर्चीसकट चर्चमध्ये नेलं, बायकांच्या जागेत, मागच्या खांबाजवळ ठेवलं. तिने नवी काळी ओढणी घेतली होती. चेहरा इतका उजळला होता की मीही जरा सैलावले. म्हटलं, एवढ्या पाहुण्यांसमोर तरी यांना लाज वाटेल.

रब्बानांनी आरंभीची प्रार्थना संपवली आणि गप्प राहिले. आता कडव्यांची वेळ होती. त्यांनी दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं. कुणीतरी त्यांना सगळं सांगून ठेवलं असणार, कारण त्यांनी हनुवटी छातीशी घट्ट धरली होती.

लहदोने सुरू केलं. त्याच क्षणी गवरियेनेही सुरू केलं. कडवी वेगळी, चाल वेगळी. कुणीही थांबेना. लहदोचे मुलगे बापाला धरून ओरडू लागले, तिकडे पुतणे काकाला धरून. समोर पाहुण्यांनी मोबाइल वर धरलेले, आणि हे दोघे डोळ्याच्या कोपऱ्यातून मोबाइलकडे बघत आवाज चढवत होते. लहदोच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. गवरियेच्या तोंडातून थुंकी उडून पोथीवर पडत होती, त्या पोथीवर, जिला आम्ही हात लावण्याआधी कपाळ टेकवतो. देवाचं नाव दोन्हीकडून एकमेकांच्या अंगावर फेकलं जात होतं. कुणाच्या लग्नात दारू पिऊन दोन माणसं भांडली असती तर एवढी शिसारी आली नसती.

माझ्या शेजारी स्वीडनहून आलेली एक सुगंधी बाई उभी होती. तिने माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आपल्या गावात अजून किती उत्साह आहे नाही!"

ती माझ्या तोंडून वाचली. सणाचा दिवस होता.

रब्बान हात वर करून थांबा, थांबा म्हणत होते, पण त्यांचं कोण ऐकतो! शेवटी दोघांचाही दम संपला. दोघंही धापा टाकत, पुन्हा ओरडायला हवा भरून घेत उभे राहिले. आणि त्या मधल्या शांततेत मागून आईचा आवाज आला.

तिने पहिलं कडवं सुरू केलं होतं. खिडकीत म्हणायची तेच, तसंच, हात मांडीवर ठेवून. आवाज चिरका होता, पण सूर जागेवर. सगळ्या माना मागे वळल्या. तिने कडवं संपवलं आणि सवयीप्रमाणे थांबली.

आता बघा काय झालं. आई कुठल्याच मेजापाशी नव्हती. ती उजवी नव्हती आणि डावीही नव्हती. तिला उत्तर दिल्याने लहदो गवरियेपेक्षा दुसरा ठरत नव्हता, आणि गवरिये लहदोपेक्षा. दोघांनीही हा हिशोब मनात केला, मी त्यांच्या चेहऱ्यांवर तो होताना बघितला. आणि दोघांनी एकाच वेळी उत्तराचं कडवं उचललं. या वेळी कडवं एक होतं, चाल एक होती. सगळं चर्च त्यात सामील झालं. आईने पुढचं म्हटलं, सगळ्यांनी उत्तर दिलं. मोबाइल खाली आले, कारण ज्यांना शब्द येत होते ते गात होते आणि ज्यांना येत नव्हते ते ओठ हलवत होते. स्वीडनची ती बाई घळाघळा रडत होती. मीही रडले, आणि मला त्या रडण्याचाच राग आला. एवढं सुंदर गाता येत होतं यांना!

उपासना संपल्यावर अंगणात द्राक्षं वाटली. आईने एक मणी तोंडात धरला आणि म्हणाली, "अर्धं झालं."

"अर्धं का? दोघंही गायले की."

"मला गायले. एकमेकांना कुठे गायले?"

तिकडे भिंतीशी लहदो आणि गवरिये तोंडात द्राक्षं भरून वाद घालत होते. उत्तर आधी कुणी उचललं, उजवीने की डावीने, याचा.

पाहुणे गेले, कुलपं लागली. पण एक गोष्ट झाली. दोन्ही मेहुणे आमच्या दारात आले, अर्थातच वेगवेगळे, आणि दोघांनीही तेच सांगितलं. मावशीने सुरुवात केली तर आम्ही रोज येऊ. मी नाही म्हणणार होते. पण आईच्या कानावर गेलं होतं, आणि तिने ओढणी शोधायला सुरुवातही केली होती. मग रोज संध्याकाळी लहदोचे मुलगे एका दिवशी आणि गवरियेचे पुतणे दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची उचलू लागले. खुर्ची उचलायचा क्रम मात्र त्यांनी कधी चुकवला नाही.

आई सुखात होती, हे मी नाकारत नाही. ती म्हणायची आणि चर्च तिला उत्तर द्यायचं. रोज एक कडवं झालं की ती जरा जास्त वेळ थांबायची आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघायची. तिला आशा होती की कधीतरी यांच्यातला एक जण तिच्या आधी तोंड उघडेल आणि दुसरा ते उचलेल. दोघंही पोथीत डोळे घालून उभे राहायचे.

थंडी सुरू झाली. चर्चची दगडी फरशी बर्फासारखी गार पडली. आईला खोकला लागला. एका संध्याकाळी तिला धाप लागलेली बघून मी बायकांच्या जागेच्या कडेपर्यंत गेले आणि सरळ म्हटलं, "आज तिला घरी नेते. तुमच्यातल्या एकाने सुरू करा. तिला खिडकीतून ऐकू येईल, आणि आज तिला तेवढंच हवं आहे."

लहदोने पोथीचं पान उलटलं. गवरियेने आपली बाही नीट केली. त्या दोघांच्या घशाला त्या वेळी काय झालं होतं? घसे ठणठणीत होते. दोघंही दोन वेळचं पोटभर जेवले होते.

"म्हणा की रे!" मी ओरडले.

"मावशी सुरू करते तसं चाललंय," लहदो पुटपुटला. "उगीच बदल कशाला?"

मागे खुर्ची कुरकुरली. आईने सगळं ऐकलं होतं. ती खांबाला धरून सरळ बसली आणि तिने सुरू केलं. मध्येच खोकल्याची उबळ आली, तरी कडवं पुरं केलं. आणि त्या दोघांनी, लाज न वाटता, भरल्या छातीने उत्तर दिलं. मी बायकांच्या जागेत उभी होते. मला त्या दोन्ही मेजांवर थुंकायचं होतं.

खोकला छातीत उतरला. शहरातून डॉक्टर आणला, त्याने औषध दिलं आणि निघताना माझ्याकडे नीट बघितलं नाही. शेवटच्या दुपारी आईला थोडी शुद्ध होती. मी तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत होते.

"आज कोण सुरू करणार?" तिने विचारलं.

"करतील कुणीतरी. तू झोप."

"तू विचारून ये."

मी गेले नाही. काय उत्तर मिळेल ते मला माहीत होतं, आणि ते तिला येऊन सांगायची माझी छाती नव्हती. उन्हं कलायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी बहियेने आणि मी तिला न्हाऊ घातलं, ओढणी बांधली. लहदोच्या मुलांनी आणि गवरियेच्या पुतण्यांनी पेटी उचलून चर्चमध्ये आणली आणि दोन मेजांच्या मध्ये ठेवली. मठातून रब्बान देन्हो आले होते. त्यांनी आपली प्रार्थना म्हटली, पेटीवर धूप दाखवला आणि थांबले. मृतासाठीची कडवीही दोन बाजूंनीच म्हणायची असतात.

कुणी सुरू केलं नाही.

मला आधी वाटलं, दुःखाने गळा दाटला असेल. मी दोघांकडे बघितलं. नव्हता दाटला. दोघंही पेटीकडे बघत होते. इतक्या महिन्यांची सवय लागलेली ना! सुरुवात तीच करायची. त्या मेलेल्या बाईने सुरुवात करावी म्हणून ते दोघं वाट बघत उभे होते.

मी बायकांची जागा सोडून पुढे गेले. आमच्यात बायका तिथवर जात नाहीत. रब्बान काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही. मी पेटीच्या कडेला हात घातला.

"उचला," मी पोरांना म्हटलं. "हिला अशीच घेऊन चला. हिला तुमचं गाणं नको. कुत्रीसुद्धा आपल्यातलं कुणी मेलं की एकमेकांना ओरडून उत्तर देतात. तुम्ही तेवढेही नाही."

"शमूनी, अगं चर्च आहे हे," लहदो म्हणाला.

"चर्च? तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं ते? दोन वेळा सांगितलं ती मरतेय म्हणून. तिला तुम्ही थंडीत ओढून आणलंत, कारण तुमच्यातल्या एकालाही दुसरं व्हायचं नव्हतं. आता ती आहे का सुरुवात करायला? उचला म्हटलं ना!"

पोरं जागची हलली नाहीत. मीच पेटी ओढू लागले. लाकूड फरशीवर घासलं, त्याचा कर्कश आवाज झाला. बहिये मागे हुंदके देत होती.

गवरियेने मान वर केली नाही. पोथीकडे बघतच तो म्हणाला, "लहदो, तू कर."

लहदोने त्याच्याकडे बघितलं. मग घसा खाकरला आणि सुरू केलं. पहिली ओळ कापरी होती, दुसरी सावरली. कडवं संपलं, आणि गवरियेने त्याचं उत्तर दिलं. मग पुन्हा लहदो, पुन्हा गवरिये. मुलगे आणि पुतणे त्यांच्यात मिसळले. छताखाली आवाज असा भरला की धुपाचा धूरही हलल्यासारखा वाटला. नंतर गावात आणि फोनवर सगळे म्हणत राहिले, हब्सूनोने मरता मरता गाव एक केलं. रब्बानांनी तर मठात जाऊन हे सांगितलं म्हणे.

मी पेटीला धरून तशीच उभी होते. 'लहदो, तू कर.' एवढंच बोलायचं होतं. ते शब्द वसंतातही त्याच्या तोंडात होते, बदाम चावतानाही होते, खोकल्याच्या त्या संध्याकाळीही होते. किती सुरेल गात होते दोघं! ते सूर मला अंगावर ओतलेल्या घाण पाण्यासारखे लागत होते. जिला ते ऐकायचे होते तिच्या कानांत त्या सकाळी मीच माझ्या हाताने कापूस घातला होता.